गोळी, पीळ आणि वजन

मराठीतील शिकारसाहित्य वाचताना, आणि शिकवताना तर अधिकच, एक सवय आपल्याला जडलेली असते. रान, पाणवठा, मचाण, सांबराची आरोळी ह्यांवर आपण रेंगाळतो. आणि बंदुकीचे आकडे आले की पान उलटतो. कॉर्बेटच्या अनुवादात 'पॉइंट टू सेव्हन फाइव्ह' येते, कुठे 'फोर फिफ्टी – फोर हंड्रेड' येते, कुठे गोळीचे वजन ग्रेनमध्ये दिलेले असते. हे सगळे लेखकाच्या हौसेचे सामान आहे, कथनाशी त्याचा संबंध नाही, अशी आपली समजूत असते. ही समजूत तपासून पाहावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. ह्या आकड्यांत दीडदोनशे वर्षांचा इतिहास साठलेला आहे, त्यातला बराचसा हिंदुस्थानच्या भूमीवर घडलेला आहे, आणि शिकारकथेतला खरा नैतिक प्रश्नही बऱ्याचदा ह्या आकड्यांतच दडलेला असतो, असे आम्हांला वाटते.

प्रश्न साधा आहे. रायफलीच्या नळीला आतून सर्पिलाकार खाचा, म्हणजे आटे, पाडलेले असतात. गोळी पुढे सरकताना ह्या आट्यांत धरली जाते आणि फिरत फिरत बाहेर पडते. आटे किती आवळलेले आहेत हे मोजण्याची रीत अशी : नळीच्या किती इंच लांबीत एक पूर्ण फेरा होतो? 'दहा इंचांत एक फेरा' हा आवळलेला पीळ, 'अठ्ठ्याहत्तर इंचांत एक फेरा' हा सैल. शिकारी विचारतो, 'माझ्या नळीच्या पिळाला किती वजनाची गोळी चालेल?' उत्तरही त्याला वजनातच मिळते, कारण काडतुसांच्या खोक्यावर वजनच छापलेले असते. परंतु निसर्ग त्या खोक्यावरचे वजन वाचत नाही. पिळाचे नाते असते ते गोळीच्या लांबीशी.

ह्याचे कारण भोवरा फिरवलेल्या कोणालाही कळेल. हवेतून जाणाऱ्या लांबट गोळीला हवेचा रेटा पुढच्या अंगाला बसतो. तिचा गुरुत्वमध्य मात्र त्याच्या मागे असतो. साहजिकच तिचा कल उलटण्याकडे, आडवे होण्याकडे असतो. भोवरा फिरतो आहे तोवर उभा राहतो, तशी गोळी पुरेशी फिरत असेल तोवर नाकासमोर जाते. गोळी जितकी लांब, तितका तिला उलटवणारा रेटा अधिक प्रभावी, आणि तितका पीळ अधिक हवा. पीळ अपुरा पडला तर गोळी डुगडुगते, आडवी होते आणि लक्ष्यावर कुशीने आदळते. कागदी लक्ष्यावर तेव्हा गोल भोकाऐवजी लांबट चीर दिसते. जनावराच्या अंगावर काय होते, ते पुढे पाहू.

उलट बाजूने तेवढा धोका नाही. लांब गोळीसाठी आवळलेल्या पिळाची नळी आखूड गोळीलाही सांभाळून घेते. फार तर नेम थोडा सैल होतो, किंवा अतिवेगवान, पातळ वेष्टनाची हलकी गोळी फिरण्याच्या ताणाने वाटेतच फुटू शकते. सैल पिळाची नळी मात्र लांब गोळीला सांभाळू शकत नाही. जाडी, धातू आणि आकार तेच असतील तर वजन वाढले म्हणजे लांबी वाढली, हे खरे. म्हणून वजनाची भाषा व्यवहारात चालून जाते. ती कुठे चालत नाही, हे इतिहासातच नीट दिसते.

'गोळी' ह्या शब्दाची आठवण

भाषेच्या अभ्यासकाने येथे आपल्या शब्दाकडे पाहिले पाहिजे. 'गोळी' हा शब्द 'गोल', 'गोळा' ह्यांच्या घरचा. औषधाची गोळी, खेळण्यातली गोटी-गोळी आणि बंदुकीची गोळी ह्या तिन्हींना मराठी एकाच आकाराने ओळखते. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. ह्या सबंध काळात सामान्य मराठी माणसाने पाहिलेली बंदूक तोडेदार किंवा चकमकीची, नळी आतून गुळगुळीत, आणि तिच्यात ठासायची ती शिशाची खरोखरीच गोल गोळी. शब्द आणि वस्तू तंतोतंत जुळत होते. ज्या दशकात मोल्सवर्थच्या दुसऱ्या आवृत्तीची छपाई झाली त्याच दशकात वस्तू बदलली. गोळी लांबट झाली. शब्द मात्र गोलच राहिला, आणि आजही आहे.

गोल गोळीला पुढची-मागची बाजू नसते, म्हणून तिला उलटण्याचे भय नाही. तरीही गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी भरकटते. का, हे प्रथम नीट सांगितले ते बेंजामिन रॉबिन्स ह्या इंग्रज गणितज्ञाने. चिमाजीआप्पांच्या मोहिमेत १७३७ साली ठाण्याचा किल्ला आणि १७३९ साली वसई मराठ्यांकडे आली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १७४२ साली, रॉबिन्सचा तोफशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते, त्यामुळे तिला कोणत्याही दिशेने फिरकी मिळते, आणि ती फिरकी तिला हवेत वळवते, असे त्याचे निदान होते. आट्यांचे काम त्या फिरकीला उड्डाणाच्या रेषेत आणणे हे आहे, असे त्याने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले; आणि जे राष्ट्र आट्यांच्या नळीचे मर्म पूर्ण ओळखील त्याला युद्धात मोठे वर्चस्व मिळेल, असे भाकीतही केले. पुढे हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने वारला. पिळाचा पहिला शास्त्रकार आपल्याच किनाऱ्यावर मातीत मिळाला, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

१८५३ ते १८५७

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली; पुढच्या वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्याच १८५३ सालच्या नमुन्याची एनफील्ड रायफल थोड्याच वर्षांत हिंदुस्थानी शिपायांच्या हाती येऊ लागली. तिची नळी पॉइंट ५७७ इंचांची, आटे तीन, पीळ ७८ इंचांत एक फेरा. गोळी लांबट, वजन ५३० ग्रेन. ग्रेन हे परिमाण आज परके वाटते. पण इंग्रजी अमदानीत ठरवलेला तोळा १८० ग्रेनांचा होता आणि मासा १५ ग्रेनांचा, हे लक्षात ठेवले की सगळे सोपे होते. एनफील्डची गोळी म्हणजे जवळजवळ तीन तोळे शिसे.

काडतुसांना लावलेल्या चरबीची कथा प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. वसईकर नव्हे, वरसईकर विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास'मुळे (ते १९०७ साली भारताचार्य चिं. वि. वैद्यांनी प्रसिद्ध केले) मराठीच्या विद्यार्थ्याला ती थोडी अधिक जवळून ठाऊक आहे. परंतु चरबी लावावी का लागली, हा प्रश्न वर्गात फारसा विचारला जात नाही. उत्तर आट्यांत आहे. गुळगुळीत नळीत गोळी जरा सैल असली तरी चालत होते. आट्यांच्या नळीत गोळीने आटे धरले पाहिजेत, म्हणजे ती घट्ट बसली पाहिजे. आणि तोंडाकडून ठासायची असेल तर दारूच्या काजळीने भरलेल्या नळीतून ती खाली उतरलीही पाहिजे. ह्या दोन विरुद्ध गरजा एकत्र भागवायच्या म्हणून गोळी नळीहून किंचित बारीक, तिच्याभोवती कागद, आणि त्या कागदाला वंगण. बार उडाला की पोकळ बुडाची गोळी फुगून आट्यांत बसे. सत्तावनच्या उद्रेकाची कारणे अर्थातच अनेक आणि खोल होती. तरी जी ठिणगी म्हणून सांगितली जाते तिच्या मागे नळीतला पीळ होता, एवढे निश्चित.

त्याच १८५७ साली इंग्लंडात हाइथच्या बंदूकशाळेत दुसरी गोष्ट घडली. जोसेफ व्हिटवर्थ ह्या मँचेस्टरच्या यंत्रकाराने बनवलेल्या रायफलीची एनफील्डशी तुलना झाली. गोळीचे वजन दोन्हीकडे तेच, ५३० ग्रेन. व्हिटवर्थने नळी मात्र अरुंद केली, पॉइंट ४५ इंचांची. तीन तोळे शिसे अरुंद नळीत मावायचे तर गोळी लांब होणारच, म्हणून पीळही आवळला, २० इंचांत एक फेरा. नेमाच्या बाबतीत एनफील्ड पार मागे पडली. हा प्रयोग आमच्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे, कारण त्यात वजन स्थिर आहे. वजन तेच असून एका गोळीला ७८ इंचांचा पीळ आणि दुसरीला २० इंचांचा. वजनाने पीळ ठरत असता तर हे घडलेच नसते. १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरून व्हिटवर्थचीच गोळी झाडून केले. सैन्याने मात्र ती घेतली नाही : अरुंद नळीत काजळी लवकर साचे आणि किंमतही फार पडे.

सातपुड्यातला कॅप्टन

येथवरचा इतिहास सैन्याचा झाला. शिकारीचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला, आणि ती वाट मराठी मुलखाच्या कडेने जाते. १८६१ साली नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्यप्रांत बनवण्यात आला. तेथे वनखात्यात आणि पुढे निमाडच्या कारभारात काम केलेला जेम्स फोर्सिथ हा बंगाल स्टाफ कोअरचा तरुण अधिकारी. सातपुड्याचे वर्णन करणाऱ्या त्याच्या 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' (१८७१) ह्या ग्रंथामुळे तो अनेकांना माहीत आहे. त्याआधी, १८६३ साली, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या ह्या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले होते. त्यातला युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे.

इंग्लंडातील नेमबाज लांब गोळी आणि आवळलेला पीळ ह्यांच्या मागे लागले होते. फोर्सिथने विचारले : आपल्या रानात बार किती अंतरावरून टाकला जातो? साग-बांबूच्या दाटीत जनावर दिसते तेच शंभर-दीडशे यार्डांच्या आत, क्षणभर, आणि बहुधा चालताना. अंतराचा अंदाज घ्यायला वेळ नसतो. अशा वेळी हजार यार्डांवरची अचूकता काय कामाची? कामाची गोष्ट ही की गोळीचा मार्ग दीडशे यार्डांपर्यंत जवळजवळ सरळ असावा आणि आघात जबर असावा. त्यासाठी दारू भरपूर हवी. पण आवळलेल्या पिळाच्या नळीत दारू वाढवली की मऊ शिशाची गोळी आट्यांवरून घसरते, आटे न धरताच सरळ निघते, आणि नेम बिघडतो. म्हणून त्याचा निर्णय : गोळी गोलच ठेवा, नळी रुंद ठेवा, आणि पीळ अगदी सैल करा, शंभर इंचांहूनही अधिक लांबीत एक फेरा. गोल गोळीला उलटण्याचे भय नसल्यामुळे तिला नाममात्र फिरकी पुरते. तेवढ्याने तिचे भरकटणे थांबते आणि दारू मात्र हवी तेवढी भरता येते.

एनफील्ड, व्हिटवर्थ आणि फोर्सिथ ह्या तिघांची उत्तरे एकमेकांना छेद देणारी वाटतात. प्रत्यक्षात तिघांचेही गणित एकच आहे. गोळी लांब तर पीळ आवळा, गोळी आखूड तर सैल करा. कोणती गोळी घ्यायची हे मात्र रान ठरवते. विम्बल्डनच्या हिरवळीवरचे उत्तर मेळघाटच्या उतारावर तसेच लागू करता येत नाही, हे फोर्सिथला दिसले. वाङ्मयीन निकष एका भूमीतून उचलून दुसरीत लावण्याविषयी आपण जे वाद घालतो, त्यांची आठवण येथे कोणाला झाली तर नवल नाही.

गणित, आणि त्याची कसोटी

ह्या नात्याला साधे सूत्र मिळाले १८७९ साली. वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे आल्फ्रेड ग्रीनहिल ह्यांनी ते दिले. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या कितीपट आहे ते पाहा. १५० ला त्या संख्येने भागा. येईल ती संख्या गोळीच्या जाडीने गुणा. एका फेऱ्याला नळीची तेवढी लांबी हवी. पुढे अतिवेगवान गोळ्यांसाठी १५० च्या जागी १८० घेण्याचा प्रघात पडला. सूत्र शिशाच्या गोळीसाठी बांधलेले आहे, पण त्यात वजनाचा आकडा कोठेच घालावा लागत नाही, हे ध्यानात घ्यावे.

मागची उदाहरणे ह्या सूत्रावर घासून पाहू. व्हिटवर्थची गोळी जाडीच्या सुमारे तिप्पट लांब : १५० भागिले ३ म्हणजे ५०, गुणिले पॉइंट ४५ म्हणजे साडेबावीस इंच. त्याने २० ठेवले होते. म्हणजे थोडे राखून. एनफील्डची गोळी जाडीच्या दुपटीहून किंचित कमी लांब. सूत्र सांगते सुमारे ४६ इंच. तिचा पीळ होता ७८! हाइथला ती का हरली, ह्याच्या कारणांपैकी एक येथे स्पष्ट दिसते. १८५८ साली नौदलासाठी केलेल्या आखूड एनफील्डमध्ये पीळ ४८ इंचांवर आणला गेला, आणि तिचा नेम अधिक चांगला म्हणून नावाजला गेला. सूत्र अजून वीस वर्षे दूर होते. कारागीर अनुभवाने तेथे आधीच पोहोचले होते.

पुढचा टप्पा पॉइंट ३०३ चा. तिच्या आट्यांची आखणी करणारा विल्यम मेटफर्ड हाही सत्तावनच्या साली हिंदुस्थानात होता. ईस्ट इंडियन रेल्वेचा अभियंता म्हणून तो मुंगेरला आला आणि प्रकृती ढासळल्यामुळे वर्षभरात परतला. १८८८ च्या ली-मेटफर्डमध्ये गोळी २१५ ग्रेनांची, म्हणजे तोळा आणि दोन मासे. जाडीच्या सुमारे चौपट लांब. पीळ १० इंचांत एक फेरा. सूत्राने साडेअकरा इंच निघतात, म्हणजे येथेही थोडे राखलेले. एनफील्डची गोळी सेकंदाला दोनशेच्या आत फेरे घेत असेल. नंतरच्या वेगवान पॉइंट ३०३ ची गोळी जवळजवळ २,९०० घेते.

आणि आता ती कसोटी, जी आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. १९१० साली ह्याच रायफलीसाठी नवी, टोकदार गोळी आली, 'मार्क सात'. वजन १७४ ग्रेन, म्हणजे तोळ्याच्याही आत. वजन जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटले. मग पीळ सैल केला का? नाही, दहा इंचांचाच राहिला. कारण गोळीच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरले होते (युद्धकाळात लाकूड किंवा कागदाचा लगदाही वापरला गेला). वजन उतरले, लांबी जवळजवळ तेवढीच राहिली. खोक्यावरचा आकडा वाचणाऱ्याला ही गोळी 'हलकी' होती. नळीच्या दृष्टीने ती पूर्वीइतकीच लांब होती.

रायफल कोणाची, भाषा कोणाची

आता आमच्या परिसराकडे वळू. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ चा. त्या काळी ह्या जिल्ह्याच्या रानांत वाघ होता, बिबट्या होता, रानडुक्कर तर होतेच. शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याकडे, ठाकर-कातकऱ्याकडे पीक राखायला बंदूक असलीच तर ती ठासणीची, गुळगुळीत नळीची. तिला पीळ नाही, म्हणून पिळाचा प्रश्नही नाही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना तीतून सूट दिली. आट्यांची नळी, तिच्या काडतुसांची निवड, ग्रेन आणि इंच हे सगळे ज्यांच्या हाती राहिले ते साहेब, संस्थानिक आणि थोडे सधन परवानाधारक होते, आणि ह्या विषयावर ते इंग्रजीतच लिहीत-बोलत होते.

सरकारची भीती काडतुसांच्या आकारातही उतरली. सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची नळी पॉइंट ४५० ची. तिच्यासाठी बंडखोरांना गोळ्या मिळतील म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात त्या आकाराच्या शिकारी काडतुसांच्या आयातीवर बंदी आली. इंग्लंडच्या बंदूककारांनी मग पॉइंट ४६५, ४७०, ४७५ असे नवे आकार काढले. जुन्या शिकारकथांत हे चमत्कारिक आकडे दिसतात त्यांचा उगम असा राजकीय आहे. तीच गत पॉइंट ३०३ ची. सैन्याचा आकार सामान्य परवानाधारकाला नको, म्हणून बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात पॉइंट ३१५ ची शिकारी रायफल बनू लागली, आणि तिची काडतुसे १८६९ साली सुरू झालेल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात.

रायफल हा शब्द मराठीने जसाच्या तसा घेतला. मूळ भाषेत त्याचा अर्थच 'खाचा पाडणे' असा आहे. मराठीत तो एका वस्तूचे नाव होऊन बसला आणि खाचा त्यातून पुसल्या गेल्या. आमचे अनुमान असे की हा भाषेचा दुबळेपणा नव्हे. वस्तू ज्यांच्या हाती नव्हती त्यांच्या बोलीत तिचे अंतरंग येणार कोठून? एरवी 'पीळ' हा शब्द मराठीत किती जिवंत आहे! सुंभ जळतो पण पीळ जात नाही. मिशीला पीळ असतो, पिळदार शरीर असते. आणि 'आटे' तर ठाणे-कल्याणच्या कानांना रोजचे आहेत. वागळे इस्टेटमध्ये, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर उभ्या राहिलेल्या कामगाराने 'आटे पाडणे' हा शब्द हातांनी जगवला. शिकारकथेच्या अनुवादकाला जो शब्द सापडत नव्हता तो कल्याणहून सुटणाऱ्या कर्जत लोकलमध्ये रोज बोलला जात होता. अनुवादकाने आणि कामगाराने एकमेकांना गाठले नाही, हे आपल्या साहित्यव्यवहाराविषयी काही सांगून जाते.

जखमेचा प्रश्न

शेवटी, हे सारे कशासाठी? नीट फिरणारी गोळी नाकासमोर शिरते, सरळ जाते, आणि शिकाऱ्याने जेथे धरले तेथे, म्हणजे काळजात वा फुप्फुसात, पोहोचते. डुगडुगती गोळी नेमाच्या बाहेर जाते, किंवा कुशीने लागून वरच्यावर फाडते, आणि जनावर जखम घेऊन पळते. अर्थात केवळ स्थिर गोळी पुरत नाही. पॉइंट ३०३ ची कठीण वेष्टनाची गोळी इतकी सरळ पार होई की माणूसही थांबत नाही, अशी तक्रार १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर झाली. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोक उघडे ठेवलेली, शरीरात पसरणारी गोळी बनली. आणि १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीत मात्र नियम उलटा झाला. जनावर तडफडू नये म्हणून पसरणारी गोळीच वापरावी असा दंडक पडला. युद्धात जे क्रौर्य तेच रानात दया, हा विरोधाभास एकाच वस्तूच्या इतिहासात नांदतो.

कॉर्बेटने १९०७ साली मारलेली चंपावतची वाघीण चारशेहून अधिक माणसांची बळी घेणारी म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले होते, आणि ते पूर्वी लागलेल्या गोळीने. नैसर्गिक भक्ष्य मारणे अशक्य झाल्यामुळे ती माणसाकडे वळली, असे कॉर्बेटने नोंदवले आहे. ती गोळी कोणी झाडली, कोणत्या नळीतून, ह्याचा पत्ता नाही. पण त्या एका न साधलेल्या बाराची किंमत कुमाऊँच्या गवत कापणाऱ्या बायकांनी मोजली. ह्याच कामगिरीनंतर लेफ्टनंट गव्हर्नर हेवेट ह्यांनी कॉर्बेटला जी रायफल भेट दिली ती पॉइंट २७५ रिग्बी. तिचे काडतूस मुळात माउझरचे, ७ मिलिमीटरचे; लांब, बोथट, १७३ ग्रेनांच्या गोळीसाठी आखलेले; पीळ २२० मिलिमीटर, म्हणजे पावणेनऊ इंचांच्या आत. म्हणून त्या नळीत १४० ग्रेनांची आखूड गोळीही चाले आणि १७३ ची लांबही. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४ साली मुंबईतच प्रसिद्ध झाले. त्यातल्या आकड्यांकडे आता कोणी नुसती सजावट म्हणून पाहू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हौशी शिकारीचा अध्याय संपला, आणि ते योग्यच झाले. ज्या व्यंकटेश माडगूळकरांनी तरुणपणी बंदूक घेऊन रान तुडवले, त्यांनीच पुढे 'नागझिरा' लिहिले. पण पिळाचे गणित संपलेले नाही. शिकार झालेल्या जनावरांच्या अवशेषांतील शिसे गिधाडांच्या पोटात जाते म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. त्यांची जागा तांब्याने घेतली. तांबे शिशाहून हलके; म्हणून त्याच जाडीची आणि त्याच वजनाची तांब्याची गोळी सुमारे पाव हिश्शाने अधिक लांब होते. खोक्यावरचा आकडा तोच वाचून जुन्या सैल पिळाच्या नळीत ती घालणाऱ्याचा बार आडवा जातो. गिधाड वाचवायला निघालेला शिकारी हरिण जखमी करून बसतो. व्हिटवर्थने १८५७ साली दाखवलेली गोष्ट आजही पुन्हा शिकावी लागते आहे.

आमची विनंती मर्यादित आहे. शिकारसाहित्य शिकवताना आकड्यांवरून पान उलटू नये. लेखकाने कोणती नळी निवडली, तिला कोणती गोळी दिली, किती अंतरावरून बार टाकला आणि कोणता बार टाकायचे नाकारले, हे वाचता आले तर त्या लेखकाचे जनावराशी असलेले नाते वाचता येते. अनुवादकांनी 'ट्विस्ट'साठी निःशंकपणे 'पीळ' लिहावे, 'ग्रूव्ह'साठी 'आटे' लिहावे. हे शब्द आपल्याच घरातले आहेत. राहता राहिली 'गोळी'. ती गोल राहिलेली नाही हे ठाऊक असूनही तिला तेच नाव चालू द्यावे. मात्र तो शब्द उच्चारताना तिची लांबी आपल्या लक्षात असावी.